रात्र कोणाच्या मालकीची?

रात्री दहा वाजल्यानंतर उघड्या जागेत ध्वनिवर्धक वाजवू नये, असा या देशाचा कायदा आहे. हा कायदा गोमंतकातही लागू आहे, हे एखाद्या परक्या पाहुण्याला पटवून देणे मात्र आज कठीण झाले आहे. हणजूण, वागातोर, मोरजी, आश्वे, हरमल या किनारी गावांतील रहिवाशांना तर ते मुळीच पटणार नाही. हंगाम सुरू झाला की या गावांत रात्र पडते ती केवळ पंचांगात. मध्यरात्री भिंती हादरतात, खिडक्यांची तावदाने थरथरतात आणि पहाटे कोंबडा आरवला तरी तो ऐकू येत नाही. किनाऱ्यापासून दूर असलेल्या गावांची स्थिती याहून बरी आहे असे समजण्याचे कारण नाही. तेथे लग्नाची हिरवळ आहे, वाढदिवसाचा मंडप आहे, निवडणुकीची प्रचारगाडी आहे आणि वर्षातून एकदा नरकासुराची रात्र आहे. गोंगाटाचे निमित्त बदलते, यजमान बदलतो. झोप उडालेला माणूस मात्र सगळीकडे सारखाच.

या प्रश्नावर बोलताना प्रथम कायदा काय आहे ते स्पष्ट झाले पाहिजे. कारण त्याविषयीच्या अज्ञानाचा आधार कायदा मोडणारे जितका घेतात, तितकाच तो राबवणारेही घेतात. १९८१ च्या वायुप्रदूषणविषयक कायद्यात १९८७ साली दुरुस्ती होऊन आवाजाची गणना प्रदूषकांत झाली. पुढे १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली १४ फेब्रुवारी २००० रोजी ध्वनिप्रदूषण नियम जारी झाले. निवासी वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागात ६५ आणि ५५, औद्योगिक भागात ७५ आणि ७०, तर शांतता क्षेत्रात ५० आणि ४० अशा मर्यादा त्यांनी घालून दिल्या. रात्र म्हणजे दहा ते सहा. या वेळेत ध्वनिवर्धक वाजवायचा तर तो बंदिस्त जागेत, आतल्या लोकांपुरता. अपवाद फक्त सार्वजनिक आणीबाणीचा. दिवसासुद्धा लेखी परवानगीवाचून तो लावता येत नाही. ही परवानगी देण्याचा आणि तक्रारीवर कारवाई करण्याचा अधिकार जिल्हा दंडाधिकारी, पोलीस आयुक्त किंवा उपअधीक्षकाच्या दर्जाहून कमी नसलेल्या अधिकाऱ्याकडे असतो.

येथे एका गोष्टीकडे वाचकांचे लक्ष आम्ही मुद्दाम वेधू इच्छितो. रात्री तक्रार केली असता पोलीस ठाण्यातून ठरावीक उत्तर मिळते, की आमच्याकडे आवाज मोजण्याचे यंत्र नाही, किंवा ते आहे पण चालवणारा माणूस नाही. हे उत्तर कायद्याला धरून नाही. दिवसाच्या आवाजाबद्दल तक्रार करायची तर तो मर्यादेहून दहा डेसिबलने अधिक असावा लागतो, हे खरे. परंतु रात्रीच्या निर्बंधांचे उल्लंघन झाले असेल तर तेवढेच कारण तक्रारीला पुरेसे आहे, अशी तरतूद नियमांत २०१० साली झाली आहे. रात्रीचा नियम ‘मोठ्याने वाजवू नका’ असे सांगत नाही. तो ‘वाजवू नका’ असे सांगतो. उघड्या जागेत कर्णा चालू आहे आणि दहा वाजून गेले आहेत, एवढे पाहण्यासाठी ध्वनिमापक नको, मनगटावरचे घड्याळ पुरे. ज्या ठाण्यात घड्याळ आहे, त्या ठाण्याला निष्क्रियतेची सबब उरत नाही.

गोंगाट ही किरकोळ कुरकुरीची बाब नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निकालात विस्ताराने सांगितले आहे. त्या खटल्याच्या मुळाशी असलेली घटना स्मरणात ठेवण्यासारखी आहे. तेरा वर्षांच्या एका मुलीवर अत्याचार होत असताना तिने केलेला आक्रोश शेजारीपाजारी वाजत असलेल्या ध्वनिवर्धकांच्या कल्लोळात कोणाच्याही कानी पडला नाही. पुढे त्या मुलीने स्वतःला जाळून घेतले. गोंगाट हाका गिळतो, हा त्या घटनेचा अर्थ. जो समाज रात्रभर बहिरा होऊन बसतो, त्याच्या दाराशी येऊन कोणी मदतीसाठी ओरडले तरी उपयोग नसतो. बोलण्याच्या स्वातंत्र्याचा आधार घेऊन दुसऱ्याला सक्तीने श्रोता बनवता येणार नाही, कारण न ऐकण्याचा हक्कही प्रत्येकाला आहे आणि शांततेने जगणे हा जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने त्या निकालात स्पष्ट केले.

डेसिबल हे माप सामान्य माणसाला फसवे वाटते, त्याचाही उलगडा व्हायला हवा. ४५ आणि ७५ यांत फरक तिसाचा. पण हे माप साध्या बेरजेने चढत नाही. दर दहा डेसिबलला ध्वनीची शक्ती दसपट होते. म्हणजे रात्री ४५ ची मर्यादा असलेल्या वस्तीत ७५ डेसिबलचा आवाज पोचतो तेव्हा अनुमत शक्तीच्या हजारपट शक्ती त्या घरांवर आदळत असते. ‘थोडासाच जास्त होता’ हा आयोजकांचा नेहमीचा बचाव या हिशेबापुढे टिकत नाही. शरीरावरील परिणामही उघड आहेत. डोळा मिटता येतो, कान मिटता येत नाही. माणूस झोपला तरी मेंदू ऐकतच राहतो. नाडी व रक्तदाब त्या आवाजाला दाद देतात, आणि सकाळी माणूस न झोपल्यासारखा उठतो. अंतःकर्णातील सूक्ष्म केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. त्यामुळे कर्ण्यांच्या भिंतीपुढे नाचणाऱ्या तरुणाने आपल्या म्हातारपणाचे बहिरेपण विशीतच विकत घेतलेले असते. पश्चिम युरोपात गोंगाटामुळे दरवर्षी निरोगी आयुष्याची किमान दहा लाख वर्षे वाया जातात, असा अंदाज जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली मांडला. आमच्याकडे असा हिशेब कोणी मांडलेला नाही, म्हणून नुकसान होत नाही असे नव्हे.

आधुनिक यंत्रांनी या उपद्रवाला एक नवे रूप दिले आहे. आजच्या नाचगाण्यात सर्वांत प्रबळ असतो तो खर्जाचा ठोका. हा खोल आवाज भिंतींना फारसा जुमानत नाही आणि दूरवर पोचतो. रात्री जमिनीलगतची हवा गार व वरची उबदार झाली की आवाज वाकून पुन्हा खाली येतो आणि लांबच्या वाड्यांपर्यंत जातो. परंतु कायद्याने मान्य केलेल्या मोजणीत मानवी कानाच्या संवेदनेनुसार खर्जाला कमी वजन दिले जाते. ६३ हर्ट्झच्या सुरातून सुमारे २६ डेसिबल वजा होतात. परिणाम असा, की यंत्रावरचा आकडा सोज्वळ दिसतो आणि अंथरुणातल्या आजाऱ्याच्या छातीत मात्र ठोके पडत राहतात. खर्जाची वेगळी मोजणी करण्याची तरतूद झाल्याशिवाय हा विसंवाद मिटणार नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळाने या दृष्टीने शिफारस करावी, असे आम्हांस वाटते.

किनाऱ्यावरील गोंगाटाचे समर्थन करताना पर्यटनाची ढाल पुढे केली जाते. रात्र शांत झाली तर पाहुणे येणार नाहीत, पाहुणे आले नाहीत तर पोटावर पाय येईल, असा हा युक्तिवाद आहे. त्याला काणकोणातील पाळोळे किनाऱ्याने केव्हाच उत्तर दिले आहे. दहानंतरच्या बंदीवर तोड म्हणून तेथे कानांना हेडफोन लावून नाचण्याचे कार्यक्रम सुरू झाले. नाचणारे नाचले, धंदा करणाऱ्यांनी धंदा केला आणि शेजारी झोपले. जे पाळोळ्याला साधले ते वागातोरला का साधू नये? साधत नाही, कारण तसे करण्याची निकड कोणाला भासत नाही. उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाला उत्तर गोव्यातील किनारी गोंगाटाची पुन्हापुन्हा दखल घ्यावी लागली, हीच प्रशासनाच्या कर्तव्यदक्षतेची पावती समजायची. नुसत्या ताडपत्रीच्या वा पत्र्याच्या आडोशाला ‘बंदिस्त जागा’ म्हणवून घेणे ही कायद्याची चेष्टा आहे. आणि खाजगी जागेच्या हद्दीवर आवाज परिसराच्या मर्यादेहून पाच डेसिबलपेक्षा अधिक असता कामा नये हा नियम बंदिस्त जागेलाही सुटलेला नाही.

शिक्षेची तरतूदही आता बदलली आहे. पर्यावरण संरक्षण कायद्याखालील कैदेची शिक्षा २०२३ च्या जनविश्वास कायद्याने काढून टाकली आणि तिच्या जागी १० हजार ते १५ लाख रुपयांपर्यंतचा दंड आला. हा बदल हितकर की अहितकर, हे दंड कोणत्या टोकाचा होतो त्यावर ठरेल. एका रात्रीत लाखोंची उलाढाल करणाऱ्याला १० हजारांचा दंड म्हणजे वीजबिलासारखा धंद्यातला एक खर्च होय. पुन्हा गुन्हा करणाऱ्याला वरच्या टोकाचा दंड झाला आणि यंत्रसामग्री त्याच रात्री उचलली गेली, तरच कायद्याचा धाक राहील.

शहरांची कथा थोडक्यात सांगता येईल, कारण ती सर्वांच्या परिचयाची आहे. पणजी, मडगाव, म्हापसा, फोंडा, वास्को येथील रस्त्यांवर भोंगा हा इशारा राहिलेला नसून स्वभाव बनला आहे. निवासी वस्तीत रात्री आणि शांतता क्षेत्रात केव्हाही भोंगा वाजवण्यास मनाई आहे. तरी इस्पितळासमोरून जाणाऱ्या बसचा अनेक सुरांचा भोंगा गाजतोच, आणि नळी कापलेल्या दुचाक्या मध्यरात्री गल्ल्यांतून गोळीबार केल्यासारख्या धावतात. डिचोली, सांगे, सत्तरीतील खाणपट्ट्याने खनिजवाहू ट्रकांच्या रांगांचा अनुभव वर्षानुवर्षे घेतला. २०१२ आणि २०१८ साली खाणी थांबल्या तेव्हा तेथील लोकांनी रोजगार गमावला; पण ट्रक नसलेली सकाळ कशी असते हेही त्यांनी पाहिले. आता लिलावानंतर खाणी पुन्हा सुरू होत असताना, वाहतुकीच्या वेळा व मार्ग ठरवताना या सकाळीची किंमत धरली जावी.

इथवर आम्ही जे लिहिले त्यावर आमचे बहुतेक वाचक मान डोलावतील. यापुढचे लिहिणे तितके सोपे नाही, पण त्यावाचून हा लेख अप्रामाणिक ठरेल. किनाऱ्यावरच्या परक्या धटिंगणांना नावे ठेवणारा आमचा समाज स्वतःच्या मंडपात काय करतो? दिवाळीच्या आदल्या रात्रीचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. नरकासुराचा वध करून श्रीकृष्णाने लोकांना भयमुक्त केले, ही या सणाची कथा. पहाटे अभ्यंग, पायाखाली कारीट फोडणे, फोवांचे ताट आणि दारातला आकाशकंदील, ही या सणाची शोभा. आज वाड्यावाड्यांवर जागरण होते ते नरकासुराचे. बक्षिसे त्याला, रोषणाई त्याला, आणि रात्रभर हिंदी चित्रपटांतील गाण्यांचा भडिमार तोही त्याच्याच सन्मानार्थ! कृष्ण येतो तो पहाटे, घाईघाईत, पुतळा जाळण्याचे काम उरकण्यापुरता. तोवर वाड्यावरचे आजारी, तान्ही मुले आणि गोठ्यातली गुरे यांनी असुराचे राज्य पुरते भोगलेले असते. चतुर्थीच्या विसर्जनातही आरतीचा आवाज आता यंत्रांच्या भिंतीखाली गुदमरतो. दिवसभर रेकॉर्ड वाजवणारा देवळावरचा कर्णा देवाला ऐकू यावा म्हणून लावला आहे की पलीकडच्या वाड्याला ऐकू जावा म्हणून, हे लावणाऱ्यांनीच मनाशी ठरवावे.

याला परंपरा म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. आमची परंपरा आवाजाची खरी, पण ती माणसाच्या हाताची आणि गळ्याची. घुमटाच्या तालावरची आरती, शिगम्याचे ढोल, तासे आणि कासाळे, मंगेशी आणि कवळे येथील देवस्थानांतला चौघडा, पालखीपुढची सनई यांपैकी कशालाही विजेची तार लागत नव्हती. वास्कोच्या दामोदराचा भजनी सप्ताह एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चोवीस तास अखंड चालत आला आहे. तो सुरू झाला तेव्हा आजच्यासारखा ध्वनिवर्धक जन्मालाही यायचा होता. जत्रेतले नाटक गॅसबत्तीच्या उजेडात मागच्या रांगेला ऐकू जाई, कारण नटाने आवाज कमावलेला असे. घुमटाला २०१९ साली राज्याच्या वारसावाद्याचा मान मिळाला. ज्या वाद्याला मान दिला, त्याचा आवाज ऐकू येईल एवढी शांतताही त्याच्यासाठी राखावी की नाही?

गोव्यातील हिंदूंच्या मनात या बाबतीत एक जुनी ठसठस आहे, ती आम्ही जाणतो. जुन्या काबिजादींत परकी सत्तेने आमचे सण उघडपणे साजरे करण्यावर बंदी घातली. देव रात्री होडीतून नदीपार न्यावे लागले. ज्यांच्या पूर्वजांना घरातही दबक्या आवाजात आरती म्हणावी लागली, त्यांना आता स्वतःच्या राज्यात ‘हळू बोला’ असे का सांगता, असा प्रश्न कोणी विचारला तर तो उपहासाने झटकून टाकण्याजोगा नाही. त्याचे उत्तर एवढेच, की त्या काळी बंदी होती ती पूजेवर. आज बंदी आहे ती यंत्राच्या अतिरेकावर, आणि ती मंदिर, मशीद, चर्च, राजकीय पक्ष, नाचघर या सर्वांना सारखीच लागू आहे. ३० ऑगस्ट २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका चर्चच्याच प्रकरणात सांगितले, की दुसऱ्याची शांतता बिघडवून प्रार्थना करावी असे कोणताही धर्म सांगत नाही. तेव्हा ‘आधी त्यांचे बंद करा, मग आमचे पाहू’ हा वाद निरर्थक आहे. प्रत्येकाने दुसऱ्याची वाट पाहायचे ठरवले तर सगळेच जागे राहतील.

एक तक्रार मात्र रास्त आहे. २०१० पासून रात्रीची बंदी वाद्यांनाही लागू झाल्यामुळे घुमट आणि हजारो वॅटची यंत्रे कायद्याच्या एकाच पिंजऱ्यात उभी आहेत. रात्रीचा काला, जागर, जत्रेतले नाटक यांवर त्याची छाया पडते. या कलांसाठी स्वतंत्र विचार व्हावा ही मागणी करण्यास आम्ही मागे राहणार नाही. पण ती मागणी करण्याचा नैतिक अधिकार आधी कमावला पाहिजे. ज्या मंडळाने स्वतःहून ध्वनिवर्धक उतरवला, तेच मंडळ घुमटासाठी न्यायालयापुढे ताठ मानेने उभे राहू शकेल. तोवर कायद्याने दिलेल्या सवलतीचा विवेकाने वापर करावा. सांस्कृतिक व धार्मिक उत्सवांसाठी वर्षातून १५ दिवस रात्री बारापर्यंत सूट देण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. हे दिवस गावोगावच्या उत्सवांचा विचार करून वर्षारंभी जाहीर व्हावेत. तिकीट लावून चालणाऱ्या नाचरंगाला त्यांत एका तासाचाही वाटा मिळू नये. नाटकाचा पडदा साडेसहाला वर गेला तर दहाच्या आत भरतवाक्य म्हणता येते. हेही सवयीचेच काम आहे.

सरकारकडून आमच्या अपेक्षा अवास्तव नाहीत. ध्वनिवर्धकाची प्रत्येक परवानगी पंचायतीच्या फलकावर लावावी, म्हणजे कोणता कार्यक्रम कायदेशीर आणि कोणता बेकायदा हे ग्रामस्थांना कळेल. रात्रीच्या तक्रारीची वेळ आणि तिच्यावर झालेल्या कारवाईची वेळ ठाण्याच्या नोंदवहीत लिहिली जावी आणि ती दरमहा प्रसिद्ध व्हावी. तक्रारदाराचे नाव गुप्त राहावे. गावात राहून बलाढ्य शेजाऱ्याशी वैर पत्करणे किती कठीण असते, हे सांगायला नको. आणि कारवाईचा बडगा गरिबाच्या बारशावर उगारून श्रीमंताच्या नाचघरापुढे म्यान होऊ नये. तसे झाले तर कायद्यावरचा उरलासुरला विश्वासही जाईल.

ग्रामस्थांनीही सर्व भार सरकारवर टाकून मोकळे होऊ नये. प्रत्येक देवस्थान समितीने आणि उत्सव मंडळाने यंदा एकच ठराव करावा: दहाच्या ठोक्याला कर्णा बंद, आणि आरती घुमटावर. या ठरावाला खर्च नाही. उलट यंत्रांच्या भाड्याचे पैसे वाचतील आणि ते वाड्यावरच्या मुलांना घुमट शिकवण्यासाठी वापरता येतील. गोमंतकातील गावाने जमीन, तळे, कुरण, देवराई या सामायिक गोष्टी पिढ्यानपिढ्या राखल्या. त्यांवर कोणा एकाने कुंपण घातले तर गाव उठत असे. रात्रीची शांतता ही तशीच गावाची सामायिक ठेव आहे. ती ना नाचघराच्या मालकाची, ना मंडळाच्या अध्यक्षाची. उद्या शाळेत जायचे आहे त्या मुलाची, पहाटे रापण ओढायला उठणाऱ्या रापणकाराची आणि औषध घेऊन डोळा लागण्याची वाट पाहणाऱ्या वृद्धेची ती आहे. तिच्यावर पडलेले कुंपण काढायचे असेल तर आपल्या अंगणापासून आरंभ करावा लागेल, आणि तो केल्यावर वागातोरच्या दारी जाऊन जाब विचारण्यास आपणांस कोणी अडवू शकणार नाही.